पदवी परदेशची, दवाखाना कुठला?

बारावीचा निकाल लागतो, पाठोपाठ 'नीट'चे गुण हाती येतात आणि घरोघरी आकडेमोड सुरू होते. एम.बी.बी.एस.ची जागा थोडक्यात हुकलेली असते. सरकारी दंत महाविद्यालयाची यादी आपल्या गुणांच्या वरच बंद होते आणि खासगीची फी ऐकून छाती दडपते. अशा वेळी कोणीतरी सल्ला देते, "मग परदेशात पाठवा की! तिकडचा डेंटिस्ट म्हणजे पाचही बोटे तुपात!" लगोलग एखाद्या हॉटेलच्या सभागृहात मार्गदर्शन शिबिर भरते. गुळगुळीत कागदावरच्या रंगीत पुस्तिका वाटल्या जातात. चार देशांची पाच नावे घेऊन पालक घरी येतात आणि रात्रभर झोप लागत नाही.

या सदरात एरवी कीड, हिरड्या, अक्कलदाढ, कवळी असे विषय असतात. आज दात तपासणाऱ्याच्या शिक्षणाविषयी लिहायचे आहे, कारण या एका निर्णयात घराची आयुष्यभराची पुंजी आणि मुलाची ऐन उमेदीची सहा-आठ वर्षे पणाला लागतात. निर्णय चुकला तर पदवी भिंतीवर राहते आणि खुर्चीवर रोगी बसत नाही.

आधी एकच प्रश्न

पालकांचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो : "कोणत्या देशातले कॉलेज चांगले?" वास्तविक पहिला प्रश्न निराळा हवा : "मुलाला पुढे व्यवसाय कोणत्या देशात करायचा आहे?"

संगणकाचे शिक्षण कोठेही घेतले तरी नोकरी देणारी कंपनी तुमचे काम पाहते. दंतवैद्यकाचे तसे नाही. दंतवैद्य जिवंत माणसाच्या जबड्यात भुलीचे इंजेक्शन देतो, शिरेच्या जवळ यंत्र फिरवतो, दाढ उपटतो. म्हणून प्रत्येक देशाने आपली नोंदवही ठेवली आहे. तिच्यात नाव असल्याशिवाय कोणालाही रुग्णाच्या तोंडाला हात लावता येत नाही. पदवी विद्यापीठ देते, परवाना त्या त्या देशाचे नियामक मंडळ देते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पुष्कळ घरांची फसगत त्या एकच समजल्यामुळे होते.

जगातले पहिले दंत महाविद्यालय १८४० साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे निघाले. भारतातले पहिले कलकत्त्यात डॉ. आर. अहमद यांनी १९२० साली काढले. मुंबईचे नायर दंत महाविद्यालय १९३३ पासूनचे. आपल्याकडे दंतवैद्य कायदा १९४८ साली झाला आणि पुढच्या वर्षी भारतीय दंत परिषद स्थापन झाली. २०२३ साली संसदेने या परिषदेच्या जागी राष्ट्रीय दंत आयोग आणणारा नवा कायदा संमत केला. त्यात पदवीनंतरच्या राष्ट्रीय पातळीवरील परीक्षेचीही तरतूद आहे. सांगायचा मुद्दा असा की प्रत्येक देशाचे नियम वेगळे आहेत आणि ते बदलतही राहतात.

परत महाराष्ट्रातच यायचे असेल तर

ज्याला शिकून जिल्ह्याच्या गावीच पाटी लावायची आहे, त्याच्यासाठी हिशेब सोपा आहे. आपली बी.डी.एस. ही ४ वर्षांचा अभ्यास आणि १ वर्षाची इंटर्नशिप अशी ५ वर्षांची. देशात ३०० हून अधिक दंत महाविद्यालये आहेत. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय महाविद्यालयांची फी खासगीच्या मानाने फारच कमी आहे. इंटर्नशिप संपली की राज्य दंत परिषदेकडे नोंदणी होते.

परदेशातून पदवी घेऊन आलेल्या भारतीय नागरिकांसाठी मात्र राष्ट्रीय परीक्षा मंडळ वेगळी चाचणी परीक्षा घेते. नोंदणीच्या वाटेत हा एक जादा उंबरठा आहे. तो ओलांडेपर्यंत पाटी लावता येत नाही आणि तोवरचा घरखर्च पालकांच्याच डोक्यावर राहतो.

दुसरीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जेथे व्यवसाय करायचा तेथले रोग शिकताना पाहायला मिळाले पाहिजेत. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण सुपारी-तंबाखूने तोंड उघडेनासे झालेले रुग्ण आपल्या महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागात अजूनही येतात. यवतमाळ, चंद्रपूरकडे पाण्यातल्या फ्लोराइडमुळे दात पिवळे-तपकिरी पडतात. आपल्याकडे शिकणाऱ्या मुलाची नजर अशा तोंडांना सरावते. युरोपातल्या शहरात त्याला ही तोंडे क्वचितच दिसतील. तिथे शिकून आलेला मुलगा हुशार असला तरी आपल्या रुग्णाचा रोग त्याला पुस्तकातूनच ओळखावा लागेल.

अमेरिका आणि कॅनडा

अमेरिकेत डी.डी.एस. आणि डी.एम.डी. अशी दोन नावे दिसतात. पुस्तिकेत दोन्ही वाचून पालक गोंधळतात, पण ती एकाच दर्जाची पदवी आहे. बारावीनंतर मात्र तिला सरळ प्रवेश मिळत नाही. साधारणपणे आधी तिकडची पदवी घ्यायची, प्रवेश परीक्षा द्यायची आणि मग दंतवैद्यकाची ४ वर्षे करायची. म्हणजे एकूण ८ वर्षांच्या आसपास.

दुसरी वाट अशी की भारतात बी.डी.एस. करायची आणि मग परदेशी दंतवैद्यांसाठी असलेल्या तिकडच्या २ ते ३ वर्षांच्या अभ्यासक्रमाला जायचे. त्यासाठी आय.एन.बी.डी.ई. ही परीक्षा द्यावी लागते. २०२० साली सुरू झालेल्या या परीक्षेत ५०० प्रश्न दोन दिवसांत सोडवायचे असतात. शिवाय इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. पुष्कळ महाविद्यालये उमेदवाराला बोलावून कृत्रिम दातावर काम करायला लावतात आणि हात पाहतात. पुढे परवाना प्रत्येक राज्याचा वेगळा असतो.

आता बेरीज करून पाहा. पहिल्या वाटेला ८ वर्षे, दुसऱ्या वाटेला ५ अधिक २ किंवा ३, म्हणजे ७-८ वर्षे. काळ जवळपास सारखाच लागतो. फरक हा की दुसऱ्या वाटेने जाणाऱ्याच्या हाती पाचव्या वर्षीच भारतात चालणारी पदवी असते. तिकडे प्रवेश मिळाला नाही, व्हिसा अडला किंवा घरी अडचण आली, तरी मुलगा रिकाम्या हाताने उभा राहत नाही.

कॅनडात दंतवैद्यकाची महाविद्यालये अवघी १० आहेत आणि परदेशी विद्यार्थ्यांना तेथे जागा फार थोड्या. बाहेरून आलेल्या दंतवैद्यांना तेथील राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या परीक्षा देता येतात. त्यांत ज्ञान आणि हात या दोन्हींची कसोटी लागते.

ब्रिटन

ब्रिटनची बी.डी.एस. ५ वर्षांची आहे आणि बारावीनंतर तिला प्रवेश मिळतो. म्हणून पुष्कळांना ती सोयीची वाटते. पण दंतवैद्यकाच्या जागांवर तेथे सरकारचे नियंत्रण आहे आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठी थोड्याच जागा ठेवलेल्या असतात. बहुतेक ठिकाणी वेगळी प्रवेश परीक्षा आणि मुलाखतही असते. परदेशी विद्यार्थ्याची वर्षाची फी कित्येक विद्यापीठांत ४०,००० पौंडांच्या वर आहे. तेथे शिकलेल्याची नोंदणी जनरल डेंटल कौन्सिलकडे विनासायास होते, ही त्या पैशाची मोठी जमेची बाजू.

भारतात बी.डी.एस. करून ब्रिटनला जाणाऱ्यास ओ.आर.ई. ही दोन भागांची परीक्षा द्यावी लागते. पहिला भाग लेखी असतो. दुसऱ्यात कृत्रिम डोक्यावर दातांची कामे, रोगनिदान, रुग्णाशी बोलणे आणि अचानक उद्भवणारे प्रसंग यांची परीक्षा होते. खरी अडचण जागांची आहे. परीक्षेला बसू इच्छिणारे फार आणि जागा थोड्या, त्यामुळे नंबर लागण्यासाठी महिनोन्‌महिने थांबावे लागते. किती वेळा बसता येईल यालाही मर्यादा आहे. भारतात नोकरी करत थांबायची तयारी असेल तर ही वाट स्वस्त पडते. लंडनला जाऊन भाड्याच्या खोलीत थांबणे कोणाला परवडणार?

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड

या दोन देशांची व्यवस्था एकमेकांशी जोडलेली आहे. एका देशातील मान्य पदवी दुसऱ्यातही चालते. न्यूझीलंडमध्ये दंतवैद्यकाची एकच शाळा आहे, ड्युनेडिनच्या ओटागो विद्यापीठाची. ती १९०७ पासून चालू आहे आणि तेथील अभ्यासक्रम पहिले आरोग्यविज्ञानाचे वर्ष धरून ५ वर्षांचा आहे. ऑस्ट्रेलियात ॲडलेड किंवा केर्न्सचे जेम्स कुक विद्यापीठ येथे बारावीनंतर ५ वर्षांचा अभ्यासक्रम आहे. सिडनी आणि मेलबर्न येथे मात्र आधी पदवी लागते आणि त्यानंतर ४ वर्षे. एकाच देशातल्या दोन शहरांत एवढा फरक असतो, म्हणून देशाचे नाव ऐकून ठरवू नये. अभ्यासक्रम पाहून ठरवावे.

भारतीय बी.डी.एस.धारकाला ऑस्ट्रेलियन डेंटल कौन्सिलच्या तीन पायऱ्या चढाव्या लागतात : कागदपत्रांची छाननी, लेखी परीक्षा आणि प्रात्यक्षिक परीक्षा. प्रात्यक्षिकासाठी स्वतः ऑस्ट्रेलियात जावे लागते.

युरोप आणि स्वस्त वाटणारे देश

हंगेरीत बुडापेस्टच्या सेमेलवाइस विद्यापीठासारख्या ठिकाणी दंतवैद्यक इंग्रजीतून शिकवतात. पुस्तिकेत लिहिलेले असते, "ही पदवी संपूर्ण युरोपीय संघात मान्य." हे वाक्य खोटे नाही, पण अर्धे आहे. युरोपीय संघाच्या २००५ च्या निर्देशानुसार पदव्यांना आपोआप मिळणारी मान्यता ही संघाच्या नागरिकांसाठी आहे. भारतीय पासपोर्टधारकाने तिचा आधार गृहीत धरू नये. ज्या देशात काम करायचे त्या देशाच्या मंडळाला आधी लेखी विचारावे.

जर्मनीत सरकारी विद्यापीठांची फी नाममात्र किंवा फार कमी आहे. हे ऐकून पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकायला पुष्कळ मुले जातात आणि ते चांगलेच आहे. परंतु दंतवैद्यकाला प्रवेश अत्यंत चुरशीचा आहे आणि संपूर्ण शिक्षण जर्मनमधून होते. नुसते बोलता येण्याइतकी भाषा त्याला पुरत नाही.

रशिया व त्याच्या आसपासच्या देशांत फी कमी असते आणि वर्गातली भाषा इंग्रजी असते. पण खुर्चीवर बसलेली आजीबाई इंग्रजी बोलत नाही. "ठणका आहे की नुसते शिवशिवते? गरम लागते की गार? रात्री झोपमोड होते का?" एवढे विचारल्याशिवाय दाढेचे निदान होत नाही. भाषा न आल्यास विद्यार्थी अध्यापकाच्या खांद्यावरून पाहत राहतो आणि हात कोराच राहतो. शिवाय २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले तेव्हा हजारो भारतीय विद्यार्थ्यांना शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. फी कमी असणे म्हणजे धोका कमी असणे नव्हे.

आपल्याकडचे बरेच दंतवैद्य आखाती देशांतही जातात. त्यासाठी तिकडे शिकायला जाण्याची गरज नाही. भारतीय पदवी, काही काळाचा अनुभव आणि तेथील परवाना परीक्षा ही ती वाट. दुबई, अबू धाबी, सौदी अरेबिया यांचे परवाने निरनिराळे आहेत एवढे लक्षात ठेवावे.

हे हाताचे शिक्षण आहे

दंतवैद्यक पुस्तकातून निम्मेच शिकता येते. पहिली दोन वर्षे मुले मेणातून दात कोरतात, कृत्रिम डोक्यावर दाढ पोखरून ती भरतात. खरे शिक्षण सुरू होते ते रुग्ण समोर आल्यावर. लाळेने भरलेल्या तोंडात, जीभ हलत असताना, घाबरलेल्या माणसाला धीर देत काम करणे हे दहाव्या रुग्णाला जमत नाही, शंभराव्याला जमू लागते. म्हणून महाविद्यालय निवडताना इमारतीचा फोटो पाहू नये. पुढील प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लेखी मागावीत :

१) पहिला रुग्ण कितव्या वर्षी हाताळायला मिळतो? एका खुर्चीमागे विद्यार्थी किती?

२) पदवी मिळेपर्यंत प्रत्येक विद्यार्थ्याने किती दाढा काढायच्या, किती भरायच्या, किती रूट कॅनाल आणि किती कवळ्या करायच्या असा नेम आहे का?

३) रुग्ण कोणती भाषा बोलतात? ती शिकवण्याची सोय पहिल्या वर्षापासून आहे का?

४) आज या घडीला या पदवीला कोणत्या नियामक मंडळाची मान्यता आहे? एजंटाचे पत्र पुरेसे नाही. मंडळाच्या स्वतःच्या यादीत नाव शोधावे.

५) येथून शिकलेले भारतीय विद्यार्थी आज कोठे दवाखाना चालवतात? दोघा-तिघांशी बोलता येईल का?

भारतात परतण्याचा विचार मनात थोडाही असेल, तर प्रवेशापूर्वीच येथील केंद्रीय नियामकाला पत्र लिहून विचारावे की ही पदवी नोंदणीला चालेल काय, 'नीट'ची अट आहे काय आणि कोणती प्रमाणपत्रे आधी घ्यावी लागतील. विमानाचे तिकीट त्या पत्राचे उत्तर आल्यावरच काढावे. घरी बोलवून उत्तम चहा पाजणारा एजंट पाच वर्षांनी कोठे असेल हे सांगता येत नाही. पत्राचा कागद मात्र आपल्या फायलीत असतो.

अंथरूण पाहून

आता पैशाचा हिशेब. पौंड १०० रुपयांचा धरू, प्रत्यक्षात तो त्याहून महागच आहे. ४०,००० पौंड म्हणजे वर्षाचे ४० लाख आणि ५ वर्षांचे २ कोटी. ही नुसती फी झाली. राहणे, जेवणखाण, प्रवास, विमा, हत्यारांचा संच हे सारे वेगळे. अमेरिकेत काही खासगी महाविद्यालयांत फी व राहणे मिळून वर्षाला १ लाख डॉलरच्या वर जातात. डॉलर ८५ रुपये धरला तरी वर्षाचे ८५ लाख होतात. २ वर्षांच्या अभ्यासक्रमाचे १ कोटी ७० लाख.

कर्ज काढताना एक बारकावा पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्ज योजनेत अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. व्याज मात्र तोवरही चढतच असते. ज्या मुलाला पदवीनंतर लगेच परवाना मिळतो, त्याला हे एक वर्ष पुरते. पण पदवी एका देशाची, व्यवसाय दुसऱ्या देशात आणि मध्ये दोन-तीन वर्षांच्या परीक्षा, असे झाले तर मिळकत सुरू होण्याआधीच हप्ते सुरू होतात. ते वडिलांना भरावे लागतात, तेही बहुधा निवृत्तीच्या उंबरठ्यावर. साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला बँक सहसा तारण मागते. तेव्हा राहते घर त्या कागदावर असते याची आठवण ठेवावी.

म्हणून दोन महाविद्यालयांची तुलना करताना फीची तुलना करू नये. 'आज घराबाहेर पडण्यापासून पहिला रुग्ण स्वतःच्या नावावर तपासण्यापर्यंत' एकूण वर्षे किती आणि एकूण रुपये किती, हे दोन आकडे काढावेत. प्रत्येक देशासाठी एक कागद घ्यावा आणि हे दोन आकडे त्यावर मोठ्या अक्षरांत लिहावेत. स्वस्त दिसणारी वाट कित्येकदा लांबची निघते आणि महाग दिसणारी कधी कधी सरळ असते.

मग करावे काय?

सर्वांना लागू पडेल असे एक उत्तर नाही. पण एवढे सांगता येईल. गावातच किंवा महाराष्ट्रात राहायचे असेल तर येथील मान्य महाविद्यालयात शिकावे. अमेरिकेला जायचे असले तरी आधी येथे बी.डी.एस. करणे बहुतेक मध्यमवर्गीय घरांना सुरक्षित आहे. ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियातच कायमचे राहायचे नक्की असेल, गुण उत्तम असतील आणि पैशाची खरोखर सोय असेल, तर तेथेच बारावीनंतर शिकणे सरळ पडते, कारण पदवी आणि परवाना एकाच मातीतले असतात. शिकायचे एका देशात, राहायचे दुसऱ्यात आणि परतायचे तिसऱ्यात, असा बेत मात्र टाळावा.

शेवटचे सांगणे मुलांना. परदेशाचा अर्ज भरण्याआधी आपल्याच गावातील दंतवैद्याची परवानगी घेऊन दोन-चार संध्याकाळी त्यांच्या दवाखान्यात एका बाजूला बसा. रक्त, लाळ, घाबरलेले लेकरू, पाठीला लागलेली रग, एका दाढेसाठी गेलेला पाऊण तास हे सारे पाहा. दुसऱ्या दिवशी पुन्हा जावेसे वाटले तर देश कोणता हा प्रश्न सुटण्यासारखा आहे. आणि नकोसे वाटले तर ते आताच कळलेले बरे. दोन संध्याकाळींना काही खर्च येत नाही.